अहिराणी कळणारी कुत्री

बायांनो, आज मी जिंकले! आधी ऐका, मग हसा.

माझी नात पूजा धुळ्यात भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात काम करते. तिथं खेड्यातल्या मळ्यावरून आणलेली एक कुत्री कोपऱ्यात नुसती थरथरत होती. आल्यापासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आज नाही खाल्लं तर सलाईन लावू. पोरं बिचारी "कम बेबी, कम" करून थकली.

आज मी सहज तिथं गेले, तर पूजा म्हणाली, "आजी, दूधभाकर शेजारी ठेव अन् पाठ करून बस. बघू नको, बोलू नको."

पाठ केली. पण गप्प बसणं मला अंतरपाटामागंही जमलं नव्हतं! भिंतीकडं तोंड करून हळूच म्हटलं, "काय व माय, जेवनी नही का? आठे ये, मी शे ना." म्हणजे, इथं ये, मी आहे ना.

मागं काहीतरी हललं. ओलं नाक माझ्या कोपराला लागलं! बाईनं ताटली चाटूनपुसून लख्ख केली. शेपूट असं हललं की पूजा रडायलाच लागली.

"आजी, हिला अहिराणी कळते गं!"

"मग? मळ्यावर तिला इंग्रजी कोण शिकवणार?"

आता निवाऱ्यातल्या पोरांना अहिराणी शिकवायचं काम माझ्याकडं आलंय. तुम्ही सांगा, घाबरलेल्या जिवाला कोणत्या बोलीत हाक मारता?