चाकांवरचं वाचन

गल्लीने त्यांचं नाव ठेवलं होतं मुशाफिर. अर्ध्या जगाची धूळ खाऊन आलेला आणि त्या धुळीचीच पुस्तकं लिहिणारा माणूस! वाचनाचा नाद तर काय सांगावा? बोटीवर जाडजूड कादंबऱ्या, आगगाडीत इतिहास, ट्रकमध्ये चालकाशेजारी बसून कविता. गंमत एवढीच, की बूड हलल्याशिवाय त्यांची नजर पुढे सरकत नसे. घरी खुर्चीत पुस्तक उघडलं, की दुसऱ्या पानावर डुलकी.

"तुम्हांला पाळण्यात घालूनच वाचायला द्यायला हवं," बायको म्हणायची.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. प्रवास सुटला, त्याबरोबर वाचनही सुटलं. पण हे सांगणार कुणाला? "सध्या काय वाचताय?" असं कुणी विचारलं, की मुशाफिर चष्मा पुसत म्हणायचे, "चाललंय बरंच काही."

अशात बालपणीच्या दोस्ताचं, चित्रकलेच्या मास्तरांचं, पहिलंवहिलं पुस्तक आलं. म्हातारपणी बापावर लिहिलेलं. बाप घरं रंगवणारा रंगारी. मुशाफिरांनी ते कपाटात ठेवलं आणि फोनवर ठोकून दिलं, "शेवट वाचून रडलो रे! बापाचं मरण काय लिहिलंयस!"

 पलीकडून मास्तर एवढंच म्हणाले, "रविवारी येतो."

रविवारी सकाळी बायकोने पुस्तक काढलं आणि कपाळाला हात लावला. छापखान्याच्या गडबडीत पानांच्या कडा कापायच्याच राहिल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली.

"अहो, शेवट वाचलात कसा? फटीतून?"

मुशाफिरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मुकाट्याने भाजीची सुरी रुमालात गुंडाळली, पुस्तक काखेत मारलं आणि लंगडत बसथांबा गाठला. मिळाली ती बस धरली. बस हलली आणि काय नवल! नजर धावू लागली. एक पान कापायचं, वाचायचं, पुढचं कापायचं. शिडीवरचा बाप, चुन्याने भेगाळलेले हात, खाली बादली धरून उभा लेक. मुशाफिर इतके रमले, की बस एका टोकाला जाऊन माघारी फिरली आणि शेजारी कोण येऊन बसलं तेही कळलं नाही.

"कुठवर आलास?"

मास्तर! मुशाफिरांच्याच घरी निघालेले. आणि इकडे मांडीवर सुरी, विजारीवर कागदाचे तुकडे. लपवणार काय काय?

"निम्म्यावर," मुशाफिर पुटपुटले. "तू दिल्यापासून कपाटातच होतं. फोनवर खोटं बोललो."

"कळलं होतं. बाप मरत नाही त्यात. मला ते लिहवलंच नाही." मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "फोन ठेवल्यावर वाटलं, हा रडला तरी कशाला?"

धरणीने पोटात घ्यावं, तर खाली बसचा पत्रा! मुशाफिरांची मान वर होईना. मास्तरांनी त्यांच्या मांडीवरची सुरी उचलली आणि उरलेली पानं एकेक करून स्वतःच कापली, सावकाश, कुठे फाटू न देता.

"वाच आता. तुझं घर मागे गेलं. जाऊ दे."

बस शेवटच्या थांब्यावर पोचेतो मुशाफिर शेवटच्या पानावर आले. बाप शिडीवरून खाली बघून लेकाला विचारतो, "कोपरा राहिला का रे कुठे?" आणि तिथेच पुस्तक संपतं.

डोळे भरून आले. खरेखुरे. पण "रडलो रे" हे तर फोनवर आधीच सांगून झालेलं! मुशाफिरांनी तोंड फिरवलं आणि कोरडा चष्माच पुसत बसले.