मारोतीचा बहुरूपी

मारोती गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच दुकानात, त्याच्याच कॉम्प्युटरसमोर, त्यालाच शिव्या घालत बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. पडद्यावर एक चौकोन उघडायचा, क्षणभर पांढरा व्हायचा आणि बंद पडायचा. नांदेडच्या दवाखान्यातून त्याची मुलगी रेणुका म्हणाली, "काका, बाबा गेले." मी काहीतरी बोललो असेन, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावरही माझा हात माउसवरच होता आणि मी आणखी एकदा क्लिक केलं... चौकोन उघडला आणि बंद पडला.

या गोष्टीला सात आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही. थोडा मारोतीवर आहे, थोडा त्या यंत्रावर आणि उरलेला सगळा माझ्यावर.

मारोती मूळचा ताडकळसचा. पूर्णेत स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. मी परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो आणि संध्याकाळी गाडीतून उतरलो की घरी जाण्याआधी त्याच्याकडे टेकायचो. दुकानात एक जुना मॅक होता, नांदेडची एक प्रेस बंद पडली तेव्हा उचलून आणलेला. पण मारोतीचा हात बसला होता त्याच्याही आधीच्या एका मराठी प्रोग्रामवर, आणि तो मॅकवर चालत नसे. म्हणून त्याने कुठून तरी एक तिसराच प्रोग्राम मिळवला होता, जो मॅकच्या पोटात बसून आपण साधा जुना पीसी असल्याचं सोंग वठवायचा. मारोती त्याला बहुरूपी म्हणायचा. सकाळी दुकान उघडलं की आधी मॅक, मग बहुरूपी, मग त्याच्या आत तो मराठी प्रोग्राम... एवढं सगळं जागं होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी त्याला हसायचो. तो म्हणायचा, "काम व्हायलंय ना? मग तुला काय तरास व्हायलाय, शेषा?"

काम होत होतं, आणि झकास होत होतं. एकदा दोन सख्खे भाऊ आले. पुतणीच्या पत्रिकेत कुणाचं नाव वर घ्यायचं यावरून दुकानातच हमरीतुमरीवर आले. मारोतीने दोघांना चहा पाजला आणि निम्म्या पत्रिका एकाचं नाव वर घेऊन, निम्म्या दुसऱ्याचं नाव वर घेऊन काढल्या. दोघांनी आपापल्या पत्रिका आपापल्या सासरवाडीत वाटल्या. लग्न बिनबोभाट पार पडलं. कुणाचं नाव कुठे बसतं, कुणाच्या नावाआधी काय लागतं, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

मी रिटायर झालो आणि माझ्या हाताला खाज सुटली, दुसरं काय. मागच्या दिवाळीनंतर त्याचा प्रिंटर मोडला. नवा आणला तर मॅकच्या जुन्या सिस्टिमशी त्याचं जमेना. मारोती "नांदेडला पाव्हण्याकडं जाऊन येतो" म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेला होता. मला वाटलं, येईपर्यंत सिस्टिम अपग्रेड करून ठेवावी, गडी खूश होईल. केली. प्रिंटर चालू झाला. बहुरूपी मात्र उघडेना. इतकी वर्षं पोरांना मी एकच गोष्ट घोकून घेतली होती, आधी कॉपी काढा, मग हात लावा. मी स्वतः कॉपी काढली नव्हती.

परत आल्यावर त्याने मॅक लावला, पाहिलं आणि माझ्यावर ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "कुणी सांगितलं व्हतं तुला? मी काय मागितलं व्हतं का?" मला भयंकर लागलं. भलं करायला जावं तर हे! मी दोन दिवस तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, "ये की. पण ते चालू करून दे."

त्यानंतर रोज एकच प्रश्न. झालं का? मी म्हणायचो, उद्या बघू. गिऱ्हाइकांचं काम तो माझ्या लॅपटॉपवर करायला लागला होता, मग घाई कसली, असं मला वाटायचं. शेवटी एकदा म्हणाला, "त्यात रेणीची पत्रिका हाय. लावून ठिवलीय. तारीख तेवढी टाकायची ऱ्हायलीय."

"मग लॅपटॉपवर नव्याने लाव. अर्ध्या तासाचं काम आहे. मी बसतो शेजारी."

"न्हाई," तो म्हणाला. "तीच पायजे."

हट्टी म्हातारा, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तो वाळत चालला होता, पायऱ्या चढताना थांबत होता, तेही दिसत होतं. ॲसिडिटी म्हणायचा. मी ते खरं मानून सोडून दिलं.

चौदावा झाल्यावर रेणुका दुकानात आली. सोयरीक आधीच झाली होती, दोन्ही घरांनी लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरवलं होतं. म्हणाली, "काका, मला दुसरी पत्रिका नको. बाबांनी लावलेलीच पाहिजे." आता तिला कुठल्या तोंडाने उद्या बघू म्हणणार?

जुनी सिस्टिम परत बसवायची तर जुनी सीडी हवी. मारोतीच्या कपाटातली चरे पडून निकामी झालेली. पुण्यातल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सल्ला दिला, "सर, नवा घ्या ना." त्याला काय सांगणार, कपाळ! अखेर नांदेडच्या त्या बंद पडलेल्या प्रेसच्या मालकाकडे सीडी निघाली. मारोतीच्या फाइलींना धक्का नको म्हणून वेगळी हार्ड डिस्क जोडली. सिस्टिम अर्धी बसली की लाइट जायची. दोनदा गेली. तिसऱ्यांदा बसली, तर बहुरूपी उघडून आतली फाइल सापडत नाही म्हणाला. मी टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप खाली पडून फुटला. पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.

परवा दुपारी बहुरूपी उठला. मी रेणुकाला फोन केला. ती आईला, कुशावर्ता वहिनींना, घेऊनच आली. दोघी माझ्या मागे उभ्या राहिल्या. मराठी प्रोग्राम उघडला, फाइलींच्या यादीत 'रेणुका' सापडलं. समोर तारीख होती, मी तो उपद्व्याप केला त्याच्या दोन दिवस आधीची. नांदेडला पाव्हण्याकडे जाण्याआधीची.

पत्रिका उघडली. वर गणपती, मधे मुलाचं नाव, रेणुकाचं नाव. तिच्या नावाखाली, 'कै. मारोती यांची ज्येष्ठ कन्या'. आणि खाली निमंत्रक म्हणून एकच नाव, 'श्रीमती कुशावर्ता'. सौ. नाही. श्रीमती.

 मग वहिनी हळूच म्हणाल्या, "तवा तर रोज माज्या हातचं जेवून दुकानात यायले व्हते की..."

मला त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं. अरे, एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी त्याच रात्री नांदेड गाठून सीडी आणली असती. लॅपटॉपवर माझ्या शेजारी बसून तू हे टाइप करू शकत नव्हतास, हे मला कसं कळावं? आणि तू तीन महिने विचारत राहिलास, झालं का, झालं का...

रेणुका डोळे पुसून म्हणाली, "काका, असंच छापा. तारीख तेवढी टाका."

मी तारीख टाकली. मग चूक राहायला नको म्हणून चष्मा पुसून पत्रिका वाचली. कुठेतरी एखादी चूक सापडावी, अशी आशा धरून तीनदा वाचली. एकही नव्हती.