आईच्या गेममधली दुसरी गाडी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कुणी मला भगताचा पत्ता देत बसणार नाही. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. तलासरीला माझं टीव्ही-मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. माझ्या धंद्यात भूत नसतं... सुटलेलं सोल्डर असतं, गंजलेली पिन असते, नाहीतर आत मुंग्यांनी घर केलेलं असतं. एकाचा टीव्ही रोज आपोआप बंद व्हायचा म्हणून त्याने नारळ फोडला होता. मी स्विच बदलून दिला आणि टीव्ही चालला. तर हे वाचून हसणारे जे असतील, त्यांच्याच बाकावर मीही बसलेला होतो.

आमचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला एका पाड्यात. डहाणू तालुक्याची हद्द जवळच. विटांच्या भिंती, वर कौलं. घरात मी, माझी बायको सुनंदा आणि आई. धाकटा भाऊ दिलीप वापीला कंपनीत, तिथेच फ्लॅट. त्याची बायको कविता उंबरगावची. आता वापी आमच्यापासून किती लांब? अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात, आणि तिथून थोडंच पुढे. मी दुकानाचा माल आणायला सारखा जातो. दिलीपला मात्र तो रस्ता फक्त जायचाच माहीत होता.

भांडण झालं होतं का, असं नातेवाईक विचारायचे. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी सांगता आलं असतं. त्याला वेळ नव्हता, एवढंच. गणपतीत फोन, दिवाळीला फोन. "आई, यंदा पण सुट्टी नाय गं." आणि आई फोन ठेवून मला सांगणार, "किती काम करून घेतात रे पोराकडून!" मी समोर दुकानातून येऊन घामाने निथळत उभा असायचो, ते सोडा.

दिलीप शाळेत असताना डहाणूच्या बाजारातून टीव्ही गेम आणला होता. कॅसेटवाला, टीव्हीला जोडायचा, दोन रिमोट. मी तेव्हा डहाणूला एका दुकानात काम शिकत होतो, म्हणून खेळायला घरात हे दोघंच. टँकची गेम लावायचे. विटांच्या भिंती फोडायच्या, समोरून येणारे टँक उडवायचे. आई टँकला गाडी म्हणायची. दिलीप वापीला गेल्यावर ती एकटी खेळू लागली, पण सुरू करताना दोन खेळाडूच निवडायची. दुसरा रिमोट दिलीप बसायचा तिथे चटईवर ठेवलेला. तिची गाडी लढायची आणि दुसरी जागच्या जागी उभी राहून मरायची.

मी एकदा म्हटलं, "आई, मी बसू का तुझ्यासोबत?"

"तुला नाय जमायचं," ती म्हणाली. डोळे टीव्हीवरच.

तो गेम बंद पडला की दुरुस्त मात्र मीच करायचो.

२०१८ ची दिवाळी झाली आणि आमच्याकडे धक्के सुरू झाले. तलासरी-डहाणूवाल्यांना वेगळं सांगायला नको. आधी जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग मांडणीवरची भांडी वाजणार, मग सगळे अंगणात. थंडीच्या दिवसांत लोक तंबूत नाहीतर ताडपत्रीखाली राहत होते. आम्हीही अंगणात ताडपत्री बांधली. टीव्ही ज्या भिंतीला होता, तिला बोट जाईल एवढी भेग पडली.

आणि आई? दुपारी आमचं लक्ष चुकवून घरात. त्या भेगेखाली बसून गेम! सुनंदा ओरडायची, मी हाताला धरून बाहेर काढायचो. "मला काय नाय होत," हे एकच उत्तर. टीव्ही बाहेर आणला तर उजेडात काही दिसेना, आणि लाईट तर प्रत्येक धक्क्याला जायची. पुढचा मोठा धक्का बसेल तेव्हा आई नेमकी आत असणार, या विचाराने दुकानात माझं लक्ष लागत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की हा गेम हातात मावेल एवढा करायचा. बॅटरीवरचा, स्क्रीनसकट, म्हणजे आई बाहेर बसून खेळेल.

अच्छाडला हायवेवर ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून रिव्हर्स कॅमेऱ्याची छोटी स्क्रीन आणली, ड्रायव्हर मागे बघायला लावतात ती. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले चांगले सेल काढले. खोका म्हणून भिंतीवर लावतात तो स्विचबोर्डचा पांढरा प्लॅस्टिकचा बॉक्स. पहिल्या रिमोटची प्लेट मधोमध कापून बाणांची बटणं डावीकडे आणि गोळी मारायची उजवीकडे बसवली. आईला एकच गेम लागायची, म्हणून कॅसेट फोडून आतला भाग थेट गेमच्या मेन बोर्डाला सोल्डर केला. तरी बोर्ड खोक्यात मावेना. मग हॅकसॉच्या पात्याने त्याची एक कड कापली. दुसऱ्या रिमोटची पिन त्या कडेला होती... ती गेली.

खरं सांगतो, चालू झाला तेव्हा मला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला. आईच्या हातात दिला. तिने उलटा-सुलटा करून पाहिला.

"दिलूचा रिमोट कुठं लागतो याला?"

"त्याला जागा नव्हती आई. कापली ती बाजू."

"दिलूची बाजू कापलीस?"

"तो येतो कुठं खेळायला?"

तिने खोक्याच्या त्या बाजूवरून बोट फिरवलं. पण दुसऱ्या दिवसापासून ताडपत्रीखाली बसून खेळायला लागली, घरात जायची थांबली. खेळायला मात्र दोन खेळाडूच लावायची. मी म्हटलं, लाव बाई, भेगेपासून लांब आहेस ना, झालं तर.

पहिल्यांदा सुनंदाने पाहिलं. "अहो, आईंची ती दुसरी गाडी चालतेय."

मी हसलो. तुमच्यातले इलेक्ट्रॉनिक्सवाले आत्ता जे म्हणतायत तेच मी म्हणालो — कापलेली लाईन हवेत लटकतेय, कुठला तरी करंट उचलत असेल. दुकानात नेलं. माझ्या हातात दुसरी गाडी गप्प उभी. मेकॅनिकसमोर बिघाड कधी येतो का! तरी ती लाईन प्लसला बांधून टाकली, म्हणजे बटण दाबलं गेलंय असं बोर्डाला वाटूच शकत नाही. परत आईकडे दिला, आणि त्याच दुपारी मी स्वतः आईच्या खांद्यामागे उभा राहून बघितलं.

गाडी चालत होती. नुसती थरथरत नव्हती, तर आईच्या मागून येणाऱ्याला उडवून, वळून, पुन्हा तिच्या बाजूला येऊन उभी राहत होती. आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही नव्हतं.

"आई, हे कसं गं?"

"दिलू हाय," ती म्हणाली. "सुटी झाली असल त्याची."

मी खोका दुकानात नेला. पुन्हा उघडून ती लाईन चिपपासूनच तोडली. गाडी तरी चालत होती. रोज नाही, पण चालली तर दुपारीच.

शेवटी एकदा माल आणायच्या निमित्ताने वापीला दिलीपकडे गेलो. कविताने दार उघडलं. "या ना दादा. ते पहिल्या पाळीवरून आलेत, जेवून झोपलेत."

दिलीप बाहेरच्याच खोलीत उताणा झोपला होता. दोन्ही हात पोटावर. आणि दोन्ही अंगठे चालू होते... डावा इकडेतिकडे, उजवा टकटक, टकटक.

"हे काय?"

"थंडीपासून असंच आहे," कविता म्हणाली. "झोपले की चालू. डॉक्टर म्हणाले नसेचं असेल. उठल्यावर ह्यांना काय आठवत पण नाय."

मी तिथेच उभं राहून सुनंदाला फोन लावला. "आई काय करतेय?"

"खेळतायत."

"दुसरी गाडी?"

"चालतेय की. अहो, झालं काय?"

"कुठं चाललीय ती सांग. बघून सांग."

"डावीकडे... आता वर... थांबा, गोळ्या मारतेय."

दिलीपचा डावा अंगठा डावीकडे गेला, मग वर सरकला, मग उजवा सुरू झाला. मी दिलीपचा खांदा धरून गदागदा हलवला.

"अहो, थांबली," फोनमधून सुनंदा म्हणाली.

दिलीप डोळे चोळत उठला. "दादा? तू इकडं कसा?"

त्याला काय सांगणार? मी एवढंच म्हणालो, "घर तडकलंय दिलीप. आई अंगणात राहते. एकदा येऊन जा."

"रविवारी येतो. नक्की."

आईला सांगितलं. रविवारी तिने सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसलं. सुनंदाने दिलीपला आवडतात म्हणून बोंबील केले. दुपार झाली. त्याचा फोन लागेना. आई आपली खेळत बसली, आणि थोड्या वेळाने दुसरी गाडी हलली.

"आला बघ," आई म्हणाली. इतकी खूश!

त्या क्षणी मला जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. न येता यायची सोय मी माझ्या हाताने करून दिली होती त्याला. तो तिकडे पंख्याखाली झोपा काढणार आणि इकडे हजेरी लागणार. मी आईच्या हातातून खोका ओढला आणि बॅटरीची वायर उपटली. तो तिच्या मांडीवर फेकला.

"हा नाय आला! हा खोका आहे, आई! मी बनवलेला! दिलीप आला नाय!"

आई उठली. खोका छातीशी धरून सरळ घरात गेली आणि भेगेखाली, बंद टीव्हीसमोर जाऊन बसली. मी मागे धावलो तेवढ्यात खालून तो आवाज आला. भिंत हललेली मी पाहिली. आईला कमरेला धरून ओढत बाहेर आणलं, वरून कौलं आली, एक माझ्या खांद्यावर बसलं. अंगणात आलो तेव्हा माझा शर्ट रक्ताने भिजला होता.

आईने आधी खोका तपासला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दिलूचा गेम फुटला नाय ना रे?"

खांद्याला टाके पडले. घरी आल्यावर मी वायर पुन्हा सोल्डर केली. काय करणार? गेम नसता तर ती परत आत गेली असती. तेव्हापासून रोज सकाळी तो मीच चार्जिंगला लावायचो, दुपारी भावाला येता यावं म्हणून.

२०१९ च्या पावसाळ्यात आई गेली. भूकंपाने नाही, तापाने. दवाखान्यात शेवटी तिचा हात माझ्या हातात होता, पण ती मला दिलू म्हणत होती.

मग दिलीप आला. इतका रडला की पाड्यातल्या बायका त्यालाच धरून बसल्या. दिवस झाल्यावर निघताना त्याला फळीवर तो खोका दिसला. "हे काय रे दादा?" मी सांगितलं, आईचा गेम. बाकी काही नाही. "आठवण म्हणून मी नेऊ?" तो म्हणाला. मी चार्जरसकट दिला.

पुढे एकदा कविताचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"दादा, ह्या गेममध्ये दुसरी गाडी कोण चालवतं? हे खेळायला बसले की ती आपोआप चालते. हळूहळू येते, भिंतीला अडकते, परत फिरून ह्यांच्याच बाजूला येऊन उभी राहते. हे नुसते रडतात दादा. म्हणतात, आई असंच खेळायची. कसं काय असेल हे?"

मी म्हणालो, "लाईन लटकत असेल. दुकानात घेऊन या, बघतो."

त्यांनी आणला नाही, आणि मीही परत बोलावलं नाही. ती गाडी कशी चालते ते मला माहीत नाही, तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. पण लटकती लाईन, फ्लोटिंग इनपुट वगैरे मला शिकवू नका, तो बोर्ड मी या हातांनी कापलाय. आई गेल्यापासून दिलीपने नेईपर्यंत तो खोका माझ्याकडेच होता. रोज दुपारी दुकान बंद ठेवून मी दोन खेळाडू लावून बसायचो. बॅटरी संपेपर्यंत बसायचो. दुसरी गाडी माझ्याशेजारी कधीच हलली नाही.