नाडीतला गळलेला ठोका

श्रीलंकेत नेगोंबोजवळच्या आमच्या इस्पितळात इंद्रकांती अक्का एकोणीस वर्षं डेंग्यूच्या वॉर्डात नर्स होती. मी तिच्या हाताखालची नवी नर्स. त्या जूनमध्ये एकेका खाटेवर दोन-दोन रोगी होते. मासेमार सुजीवचा ताप पाचव्या दिवशी उतरला आणि त्याचा थोरला भाऊ रंजन त्याला न्यायला आला. रंजनची मुलगी आठवड्यापूर्वी याच वॉर्डात डेंग्यूनं दगावली होती.

अक्कानं सुजीवची नाडी धरली ती सोडेचना.

"ताप उतरला की नाडी मंदावतेच, अक्का," डॉक्टर म्हणाले.

"मंद असू दे हो. ही मधेच ठोका गाळतेय. आधी ईसीजी काढा."

"आता हृदयाचं कुठून काढलंत?" रंजन ओरडला. "ऊठ सुजीव, घरी चल."

अक्का दारात आडवी उभी राहिली. "तुझ्या पोरीचा ईसीजी काढायला आम्हाला उशीर झाला, बाबा. म्हणूनच अडवतेय."

रंजननं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला घाव तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी खाटेपलीकडून ऐकला. दुसरा जबड्यावर. दोन दात फरशीवर पडले. बायकांनी पोरं खाटांखाली ओढली. कुणीतरी रंजनच्या डोक्यात स्टूल घातलं, तरी तो रक्तानं माखून स्टँड फिरवतच होता.

भावाला आवरायला सुजीव उठला, दोन पावलं चालला आणि कोसळला. नाडी लागेना.

"दाब छाती!" रक्त थुंकत अक्का माझ्यावर खेकसली. "मोडू देत बरगड्या!"

मी दाबत राहिले. तळव्याखाली एक बरगडी कडकन मोडली.

"मारतेय त्याला ही!" म्हणत रंजन माझ्यावर धावला. अक्कानं धड हातानं त्याच्या पायांना मिठी मारली. त्यानं तिला लाथा घातल्या, पण तिनं मिठी सोडली नाही. शेवटी दोघा वॉर्डबॉयनी त्याला चादरीनं बांधलं.

सुजीवचा श्वास परतला. ईसीजीत स्पष्ट दिसलं, हृदयाच्या वरच्या कप्प्याचे इशारे खालपर्यंत पोचतच नव्हते. डेंग्यूनं हृदयालाच गाठलं होतं. हृदयावर भार पडू नये म्हणून डॉक्टरांनी सलाईन कमी केलं आणि त्याला कोलंबोला पाठवलं. तीन आठवड्यांनी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

रंजनला शिक्षा झाली. अक्कानं कोर्टात एकेक घाव सांगितला, काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही.

अडीच महिन्यांनी ती त्याच वॉर्डात रुजू झाली. हात वाकडाच जुळला होता. दार आपटलं की ती दचकायची, भिंतीला टेकून उभी राहायची, आणि मग पुढच्या खाटेकडे जायची.