भिंतीला टांगलेलं जेन

बीड बायपासच्या पलीकडे आम्ही नवा फ्लॅट घेतला, तेव्हा आई गंगापूरकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आली. कानाचं मशीन ती आधीपासून लावायची आणि गावाकडे तिचं त्यावर छान भागायचं. शेजारच्या अंगणात कोणी सुनेला बोललं तरी तिला कळायचं. आमच्या हॉलमध्ये मात्र चार माणसं बोलायला लागली की तिला नुसता कल्ला ऐकू येई. मग ती मशीन काढून कनवटीला लावायची आणि बाल्कनीत जाऊन बसायची. दिवाळी झाली की आपण गावाकडे जाणार, कायमचं, असं तिनं लवकरच जाहीर करून टाकलं. गावाकडे आता तिच्याजवळ राहणारं कोणी नव्हतं. मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, होता. पण तो वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागे फिरणारा.

मशीन तपासून आणलं. त्यात दोष नव्हता. मला मोजमाप केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी वीस साधे शब्द काढले आणि आईला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, तिच्या पाठीमागून, सारख्याच अंतरावरून वाचले. हॉलमध्ये तिला नऊ कळले, स्वयंपाकघरात अकरा. ज्या लहान खोलीत आम्ही जादा गाद्या रचून ठेवल्या होत्या, तिथं अठरा. तिथला शेवटचा शब्द 'कुलूप' होता.

"ते लाव आता तुझ्या तोंडाला," आई म्हणाली. मी तो बरोबर धरला.

आमच्या मुलीनं इंटिरियर डिझाइनचा कोर्स नुकताच संपवला होता. तिनं हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, तर ती बराच वेळ घुमत राहिली. गुळगुळीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या, वर पीओपी. आवाज आपटतो आणि परत येतो, आणि मशीन बोलण्याबरोबर तो पडसादही मोठा करून कानात ओततं. भिंतीवर जाड, मऊ काहीतरी लावायला हवं होतं. बाजारात त्याचे तयार पॅनेल मिळतात, पण ते प्लॅस्टिकच्या धाग्याचे. मुलगी म्हणाली, त्यापेक्षा मामाआजोबांकडची लोकर काय वाईट आहे?

मामाकडे दख्खनी मेंढ्या आहेत. त्यांची लोकर काळी, राठ, जराशी टोचणारी. कातरणी झाली की पोती भरतात आणि त्या पोत्यांकडे कोणी व्यापारी ढुंकून बघत नाही. मामा-मामी घरापुरतं जेन, म्हणजे लोकरीचं बसकर, अजून करतात. जेन विणत नाहीत. पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर पसरायची, साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची आणि लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट अडकेपर्यंत ती हातापायांनी दाबत, लोळवत राहायची. बोटाएवढी जाड बैठक तयार होते.

मी मामाला मापं मिलिमीटरमध्ये पाठवली. त्याचा फोन आला. "भाचे, लोकर हाय ही. फरशी नाय. हातानं सांगा, किती हात पायजे."

सात जेनं आली. कडा वेड्यावाकड्या होत्या आणि प्रत्येकाला मेंढरांचा वास. आईनं एक उचलून नाकाशी धरलं आणि त्या दिवशी तिची कळी जी खुलली ती रात्रीच्या जेवणापर्यंत. चार दिवस गच्चीवर ऊन दाखवून एका सकाळी आम्ही बापलेकींनी ती भिंतींवर लावली. मी लेव्हल लावून रेघ मारली आणि दोन जेनांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवलं. वरच्या दोन कोपऱ्यांना हूक, बाकी मोकळं. आई देवळातून आली, दारातच थांबली. डावीकडून उजवीकडे तिनं बोटानं मोजलं.

"एका घरात इतकी माणसं गेली का रं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात रीत अशी, की मोठ्या माणसाचं बसायचं जेन वेगळं असतं. तो माणूस गेला की त्याचं जेन वर्षभर खुंटीला टांगतात. त्यावर कोणी बसत नाही. वर्ष झालं की उतरवतात, भंडारा लावतात आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराला त्यावर बसवतात. वडिलांचं जेन असं वर्षभर टांगलेलं मी रोज बघितलं होतं, तरी चौदा हूक मारून मोकळा झालो होतो. माझी बायको आधी खूप हसली. मग म्हणाली, घरात आपण चौघं, उरलेली तीन कोणाची? आणि तिला ते बघवेना. उतरवण्याआधी मी आईला कसंबसं राजी करून वीस शब्द वाचले. सोळा आले. त्यामुळे उतरवताना जिवावर आलं.

मुलगी दोन दिवस कागदावर रेघा मारत बसली. मग तिनं आजीला विचारलं, जेनावर बसतात, तर जेनाला पाठ टेकलेली चालते का?

आईनं विचार केला. "पाठ टेकली म्हंजे माणूस जिता हाय. चालंल की."

मग सुतार बोलावला आणि दोन भिंतींना लागून बुटकी बैठक केली. खाली बसायला जेन, मागं टेकायला जेन, लाकडी चौकटीला लोकरीच्याच दोरीनं बांधलेलं. मागचं जेन डोक्याच्याही बरंच वर गेलं होतं, कारण आवाज तिथंच आपटत होता. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. एवढी उंच पाठ कुणाची, तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची. आईनं वरपर्यंत एकदा बघितलं आणि मान्य केलं.

सातही जेनांना तिनं भंडारा लावला आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांना बोलावून एकेकीला बसवलं, टेकवलं. काळ्या लोकरीवर पिवळी बोटं उमटली. मुलीला आपल्या या पहिल्या कामाचे फोटो काढायचे होते, तरी तिनं ती बोटं पुसली नाहीत. माझ्या मोजणीत आता सतरा शब्द येत होते. आईला तो आकडा सांगितला तर म्हणाली, बादली अन् भाकर कुणालाबी कळंल. गावाकडे जायची तिची पिशवी भरलेलीच होती.

दिवाळीनंतर मामा-मामी जीप घेऊन आईला न्यायला आले. मी बैठकीच्या या टोकाला आईला गोळ्या समजावून देत होतो. पार त्या टोकाला मामी माझ्या बायकोला, आवाज खाली आणून, गावातलं कुणाचं तरी मोडलेलं लग्न सांगत होती. मुलाकडच्यांनी म्हणे नकार दिला. आईचा हात गोळ्यांच्या पाकिटावर थांबला.

"पोराकडच्यांनी नाय, पोरीनं मोडलं. नीट सांग की."

मामानं माझ्याकडे बघितलं. "अक्काला हितनं ऐकू आलं?"

आई तोवर सरकत सरकत मामीजवळ पोचली होती आणि पुढं काय झालं ते विचारत होती. पुढं बरंच झालं होतं. चहा दुसऱ्यांदा झाला, खाली जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. शेवटी मामा पिशवी उचलून दारात उभा राहिला. "अक्का, निघायचं ना?"

"तुमी व्हा म्होरं," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "चंपाषष्ठीला न्यायला या. अन् दुसऱ्या दिवशी आणून सोडा."

मामानं पिशवी आत नेऊन ठेवली आणि जीपवाल्याला माणसं दोनच आहेत हे सांगायला खाली गेला.