वेखंड प्यालेले उंदीर

आमचे सर इतके निर्व्यसनी, की चहासुद्धा चहावर उपकार केल्यासारखा घ्यायचे. मी त्यांच्या हाताखाली एम. फार्म. करत होते. विषय त्यांचाच: वेखंडाच्या अर्काने उंदरांच्या फिट थांबतात का? बुधवार पेठेतून वेखंड आणलं, अल्कोहोलमध्ये अर्क काढला. पाजण्याआधी अल्कोहोल उडवायला हवं होतं. "छे! तापवलं की गुण जातो," सर म्हणाले. म्हणून तसाच पाजला.

तुलनेसाठीच्या उंदरांना मग वेखंडाशिवाय तेवढंच अल्कोहोल द्यायला हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सर म्हणाले, "उगाच मुक्या जिवांना दारू कशाला पाजायची?" अर्कात असली की औषध, नुसती असली की दारू! त्यांना पाणी दिलं. फिट आणणारं इंजेक्शन टोचल्यावर पाणीवाले तडफडले, अर्कवाले शांत पडून राहिले. सर लगेच पेढे घेऊन आले.

माझ्या भाचीला फिट येतात. गोळ्यांनी ती वर्गात पेंगायची, म्हणून मांजरी गावाहून ताई रोज फोन करायची, "काय गं, तुझे उंदीर काय म्हणतायत?" पेढ्यांच्या दिवशी ती मुलीला घेऊन लॅबमध्येच आली. सरांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, अर्काची बाटली दिली आणि म्हणाले, "गोळ्या बंद केल्यात तरी चालेल." डॉक्टर नव्हे, कोणी नव्हे, आणि ऐट बघा!

मी ताईला बजावलं, गोळ्या चालूच ठेव. दुसऱ्या दिवशी काही उंदरांना नुसतं अल्कोहोल पाजलं आणि तेच इंजेक्शन टोचलं. तेही तसेच शांत. सरांना दाखवलं.

"अहो, आपण ऋषिमुनींपेक्षा शहाण्या का?" एवढं बोलून ते या शोधाबद्दल सत्काराचा हार घालून घ्यायला सभागृहात गेले. असल्या माणसाला मी दोन वर्षं वाकून नमस्कार केला!

मी ताईला फोन लावला. "ताई, ती बाटली ओतून दे. नुसती दारू आहे ती. गोळी दिलीस ना?"

"कालपासून नाही दिली. सर म्हणाले ना."

रिक्षा करून मी मांजरी गाठली. पोर अंगणात टकटकीत डोळ्यांनी लंगडी खेळत होती. मी तिला गोळी दिली, पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन केला. ताईने हे सगळं बघितलं, पण मला अडवलं नाही.

"कालपासून किती बोलत होती गं," ती म्हणाली. "आता परत पेंगेल."