अर्थिंग बुजवणारे सेक्रेटरी

समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी ते त्याच्या पायांकडे बघत. कोपरीतल्या आमच्या जुन्या इमारतीचे ते सेक्रेटरी. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, गीझरचा नळ चावतो, अशी तक्रार घेऊन कोणी गेलं की ते पायांकडे बघून एकच उपाय सांगत.

"चप्पल घाला."

तुमच्याही सोसायटीत असे एक सेक्रेटरी असतील. गळक्या छतावर त्यांचा उपाय बादली, चोरीवर कुलूप. रोग तसाच ठेवून रोग्याला सवय लावायची, ही कला आपल्याकडे सोसायटीपासूनच शिकवली जाते.

आमची इमारत तशी सोवळी. स्वयंपाकघरात चप्पल नेणाऱ्या सुनेला जिथे एके काळी माहेरी जायला सांगितलं असतं, तिथे आता ओट्यासमोर रबरी चपलांचे जोड दिसू लागले. "घरातलीच आहे हो, बाहेर नाही नेत," असं प्रत्येक घर पाहुण्यांना सांगू लागलं. सेक्रेटरींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, नैवेद्याच्या दिवसाची वेगळी जोडी काढली. धर्म वाचला, झिणझिण्या राहिल्या.

या झिणझिण्या आल्या कुठून, ते सांगतो. इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात लोखंडी झाकणाचा एक खड्डा होता, अर्थिंगचा. घरातल्या यंत्राच्या पत्र्यावर चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, म्हणून प्लगच्या तिसऱ्या भोकातून एक हिरवी तार निघते. आमच्या सगळ्या घरांच्या हिरव्या तारा एकत्र होऊन एका पट्टीने त्या खड्ड्यात उतरत. जुना वॉचमन उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचा, जमीन ओली राहावी म्हणून. मग सेक्रेटरींनी आवाराच्या सुशोभीकरणाचा ठराव आणला. वर आलेली ती गंजकी पट्टी त्यांच्या डोळ्यांत खुपली.

"हे काय थडगं आहे? कापा ते."

पट्टी कापली. खड्ड्यावर रंगीत फरशा बसल्या, फरशांवर बाक आला आणि बाकावर अक्षरं आली: कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ. नगरसेवकाने नारळ फोडला. आम्ही पेढे खाल्ले. पट्टी कशाची होती, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. पेढा तोंडात असला की प्रश्न सुचत नाहीत.

झिणझिण्यांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा सेक्रेटरी मनापासून चकित होत. "आमच्याकडे नाही येत!" ते सांगत. आणि ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस निदान पकडता येतो. स्वतःच्या अनुभवावर एवढा विश्वास असलेल्या माणसाचं काय करायचं?

यशोदाताई आमच्याकडे आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करायच्या. खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या, नवऱ्याची होडी विकल्यावर कामाला लागलेल्या. त्यांची चप्पल दाराबाहेर राहायची. सगळ्याच कामवाल्यांची राहते. एके सकाळी आमच्या वॉशिंग मशीनमधून ओले कपडे काढताना त्यांचा हात पत्र्याला चिकटल्यासारखा झाला आणि दुसऱ्या क्षणी त्या मागे फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. आई त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, मी मशीनची पिन उपटली.

संध्याकाळी सेक्रेटरी विचारपूस करायला आले. यशोदाताई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आमच्या दारात मुलाची वाट बघत बसल्या होत्या. सेक्रेटरींनी सवयीने खाली बघितलं.

"बघा. अनवाणी! मी सांगून सांगून थकलो."

यशोदाताईंनी मान वर केली. "काका, तुमचे घरान मी चप्पल घालून भांडी घासली तं चालल?"

"अहो, तसं कसं... स्वयंपाकघर आहे ते."

"मंग?"

इतका लहान प्रश्न मी त्या इमारतीच्या एकाही सभेत ऐकला नव्हता. "पुढच्या सभेत विषय घेऊ," म्हणून सेक्रेटरी निघाले. यशोदाताई जाताना आईला म्हणाल्या, "ताई, हे नीट झाल्याबिगर मी नाय येनार. एक मोरला, दुसरा हात मोराचा नाय मना."

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीहून ओळखीचा एक वायरमन बोलावला. अंगात मस्ती, तोंडात गुटखा, पण काम जाणणारा. त्याने आमच्या मशीनची पिन परत लावली, पत्र्याला टेस्टर लावून मला तिथे उभं केलं आणि खाली मीटरच्या खोलीत जाऊन एकेका घराची वीज बंद करत गेला. टेस्टरचा दिवा जळतच होता. सेक्रेटरींच्या घराची वीज गेली, आणि दिवा विझला.

त्यांच्या जुन्या गीझरमधून वीज पत्र्यावर उतरत होती. तिथून हिरव्या तारेवर चढत होती. जमिनीत जायची वाट कापलेली, म्हणून ती त्याच तारेने घराघरात फिरत होती. आमच्या सोसायटीत एकी नाही, अशी सेक्रेटरींची जुनी ओरड. वीज मात्र त्यांनी सगळ्यांना सारखी वाटली होती, आणि तीही घरची.

"पण आमच्याकडे तर नाही येत!" ते म्हणाले. या वेळी आवाज जरा चिरकला.

वायरमन त्यांच्या न्हाणीघरात शिरला आणि हसत बाहेर आला. सेक्रेटरी आंघोळ पाटावर बसून करत. वडिलांपासूनची पद्धत. पाट घसरू नये म्हणून त्याला खालून जाड रबर ठोकलेलं.

"काय काका, एकदम सिंहासनावर बसता की! तुम्हाला कसला शॉक लागतोय?"

काकू पदराआड हसल्या. त्या नळ नेहमी सोवळ्याच्या कापडाने धरत, हेही तेव्हाच कळलं.

तरीही खड्डा उकरायला सेक्रेटरींनी आठवडाभर खळखळ केली. आधी सभा, मग ठराव, मग पितृपक्ष. खरं कारण बाक होता. स्वतःच्या आईच्या नावाखाली खणणं त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी बाक उचलला तेव्हा ते बाजूला उभं राहून रुमालाने त्याच्यावरची माती झटकत होते. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. ज्या बाईचं मनगट मोडलं तिच्या नावाचा बाक कोणी बसवत नाही.

खड्ड्यात कोळसा, मीठ, नवा पाइप, नवी पट्टी. गीझर भंगारात गेला. वायरमनने प्रत्येक घरात वीज तपासायचा मीटर लावून खात्री केली.

आता सेक्रेटरी मुलाकडे माजिवड्याच्या टॉवरमध्ये राहतात. तिथे सगळं नवं आहे, त्यांना सुधारण्यासारखं काही उरलं नसावं. बिचारे. मला ते आठवतात ते मात्र प्लास्टर निघाल्यावर यशोदाताई पहिल्यांदा कामावर आल्या त्या सकाळचे. मशीनसमोर त्या उभ्या होत्या आणि त्यांचा हात पुढे जात नव्हता. मीच सेक्रेटरींना बोलावून आणलं.

"मीटरने तपासलंय सगळं," ते म्हणाले. "काही होणार नाही."

"मीटर तुमचा, हात माजा. पयले तुमी लावा."

आई म्हणाली, "अहो यशोदाताई..." पण सेक्रेटरींनी तिला हाताने थांबवलं. चप्पल काढली. मोरीतल्या ओल्या फरशीवर पाय ठेवला, मग दुसरा. पांढरे, मऊ पाय. ओठ हलत होते, बहुतेक रामरक्षा. डोळे गच्च मिटून त्यांनी पत्र्यावर पंजा टेकवला.

काही झालं नाही. त्यांनी डोळे उघडले, पण हात काढला नाही. मशीन घरघरून थांबलं तरी ते तसेच उभे होते. आपण काय करून बसलो होतो हे त्यांना तेव्हा कळलं असेल, असं मला वाटतं. विचारलं मात्र कधी नाही.

यशोदाताईंनी पदर खोचला.

"व्हा आता बाजूला," त्या म्हणाल्या. "कपडं कारायचं हायत मना."